कार्डाची मागची बाजू

हिशेबाच्या नियमांत एक गंमत आहे. दुसऱ्याचा ब्रँड पैसे मोजून विकत घेतला, तर तो तुमच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिमाखात बसतो. तोच ब्रँड तुम्ही स्वतः उभी हयात खपून तयार केलात, तर ताळेबंदात त्याची किंमत शून्य. अकाउंटिंग स्टँडर्ड २६ मध्ये तसं स्पष्टच लिहिलंय: स्वतः निर्माण केलेलं गुडविल (धंद्याचा नावलौकिक), ब्रँड, नियतकालिकांची शीर्षकं, गिऱ्हाइकांच्या याद्या, यातलं काहीही मालमत्ता म्हणून दाखवायचं नाही. कारणही वाजवी आहे. त्यावर झालेला खर्च धंद्याच्या एकूण खर्चातून वेगळा काढता येत नाही. आणि ज्याची किंमत खात्रीनं मोजता येत नाही ते ताळेबंदात येऊ दिलं, तर प्रत्येक मालक आपल्या पुण्याईला कोटीचा भाव लावेल. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. या नियमाची बाजू घेऊन मी अनेक मालकांशी भांडलेय.

तरीही अधूनमधून असं काम येतं, की नियम बरोबर असतो आणि उत्तर चुकीचं येतं.

भोसरीतला एक कारखाना विकायचा होता. गिअर कापायचं काम. वीस-बावीस माणसं. मालक, म्हणजे ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो ते, सत्तरीकडे झुकलेले. घरातलं कोणी पुढे चालवणार नव्हतं आणि काकांना त्याचं फारसं दुःखही नव्हतं. चाकणच्या एका पार्टीनं किंमत सांगितली होती आणि ती काकांच्या अपेक्षेपेक्षा बरी होती. मला बोलावलं ते एक टिपण करायला: आपण नेमकं काय विकतोय ते कागदावर मांडा. शेड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावरची. गिअरचे दाते पाडणारी हॉबिंग मशीनं जुनी, घसारा लावून लावून त्यांची पुस्तकी किंमत भंगाराच्या भावाखाली गेलेली. एक सिलिंड्रिकल ग्राइंडर त्यातल्या त्यात बरा. शिवाय स्टॉक, येणी, देणी. या सगळ्याची बेरीज आणि चाकणवाल्यांनी सांगितलेला आकडा यांत चांगलंच अंतर होतं, आणि खरेदीदाराला ते दिसत नव्हतं असं नाही. त्यानंच मला विचारलं, ‘मॅडम, मामा रिटायर झाले की मी नक्की काय विकत घेतलेलं असेल?’

मामा म्हणजे सेटर, जॉबसाठी मशीन जुळवून देणारे कारागीर. हॉबिंग मशीनवर किती दाते पाडायचे हे मशीनच्या बाजूला बसवलेल्या चेंज गिअरच्या जुळणीवर ठरतं. चोवीस, तीस, छत्तीस दात्यांचं गणित सोपं आहे, तक्त्यात बघून कोणीही लावेल. पण दात्यांची संख्या मोठी आणि वर अविभाज्य आली, १२७ किंवा १३१, की पेटीत तसा चेंज गिअरच नसतो. मग जवळच्या संख्येची जुळणी लावायची आणि उरलेला फरक डिफरेन्शियलमधून भरून काढायचा. मामांच्या शर्टाच्या खिशात एक तेलकट डायरी असते. त्यात अशा जुळण्या आहेत, बऱ्याचशा फक्त त्यांनाच वाचता येतील अशा अक्षरात. खरेदीदाराचा जीव त्या डायरीत अडकला होता. तो मला दोनदा म्हणाला, ‘डायरीचं काहीतरी करा.’

मी मामांनाच विचारलं.

‘डायरी माझी हो ताई. कार्ड कंपनीचं.’

‘मग डायरीतलं कार्डावर कधी जातं?’

‘जॉब दुसऱ्यांदा आला की. एकदाच येणाऱ्या जॉबसाठी कार्ड कोण भरत बसणार?’

मला हे उत्तर फार आवडलं. कागदपत्रांच्या बाबतीत एवढा शहाणा नियम मी मोठ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही वाचलेला नाही. तिथे सगळं लिहायचं असतं, म्हणून काहीच वाचलं जात नाही.

कार्डं टूल रूमच्या पत्र्याच्या कपाटात होती. ही पद्धत काकांच्या वडिलांनी सुरू केलेली. जाड पिवळट पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येक जॉबला एक. पुढच्या बाजूला नेहमीचं: जॉब नंबर, ड्रॉइंगचं रिव्हिजन, मटेरियल, ब्लँकचं माप, कुठला हॉब (दाते कापायचं हत्यार), कुठलं फिक्स्चर (जॉब पकडायचं साधन), चेंज गिअरची जुळणी, फीड, लागलेला वेळ. असं कार्ड बहुतेक कारखान्यांत सापडतं. काकांकडचं वेगळेपण मागच्या बाजूला होतं. तिथे तीनच रकाने: काय बिघडलं, कशामुळे, कोणी पाहिलं.

ती कार्डं उलटी करून वाचण्यात माझी एक दुपार गेली. वेगवेगळी हस्ताक्षरं, वेगवेगळ्या शाया, मराठी-हिंदी-इंग्रजीची भेसळ. (बोअर म्हणजे गिअरच्या मधलं भोक, वेब म्हणजे त्याभोवतीची चकती.) ‘हीट ट्रीटमेंटनंतर बोअर पसरतो, ग्राइंडिंगला माल जास्त ठेवा.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘फक्त पातळ वेबच्या जॉबला. जाड वेबला नको.’ त्याखाली तिसऱ्या अक्षरात: ‘नवीन हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पसरत नाही. त्याच्याकडून आलेला लॉट आधी मोजा.’ एका कार्डावर मोठ्या अक्षरात: ‘हे गिऱ्हाईक थर्ड अँगलमध्ये ड्रॉइंग पाठवतं!! कीवे उलट्या बाजूला कापला गेला.’ फर्स्ट आणि थर्ड अँगल या ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू मांडायच्या दोन उलट पद्धती; आपल्याकडे फर्स्ट अँगलची सवय, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलचं. कोपऱ्यातलं ते छोटंसं चिन्ह नजरेतून सुटलं की अख्खा लॉट भंगारात. ती दोन उद्गारचिन्हं कोणाची होती हे काकांना अजून आठवत होतं, पण त्यांनी नाव सांगितलं नाही.

माणसं आपण होऊन मागच्या बाजूला लिहितात कशी, हा माझा खरा प्रश्न होता. बिघडलेल्या नगाची कबुली स्वतःच्या अक्षरात कोण देईल? काका म्हणाले, वडिलांचा एकच दंडक होता. बिघडलेला नग आणि कार्ड दोन्ही टेबलावर आणून ठेवणाऱ्याला कोणी बोलायचं नाही. नग लपवला आणि नंतर सापडला, तर मात्र दोन दिवसांचा खाडा. कपाटातल्या पुठ्ठ्यांइतकाच हा दंडकही मालमत्तेचा भाग होता. पण दंडकाची यादी कशी करणार?

आयएसओच्या फायलीही होत्या, काचेच्या कपाटात, ऑफिसात. कंट्रोल प्लॅन, एफएमईए (काय काय बिघडू शकतं याचे तक्ते), प्रक्रियांचे नकाशे, सगळं रंगीत आणि नीटनेटकं. त्यातलं कॅलिब्रेशनचं रजिस्टर खरोखर वापरात होतं, मायक्रोमीटर आणि गेज वेळच्या वेळी तपासले जात होते. ते सोडून बाकीच्या फायली ऑडिटर यायच्या आदल्या आठवड्यात उघडत असाव्यात असा माझा दाट संशय आहे. आयएसओला नावं ठेवायची हौस मला नाही. पण त्या फायलींत फक्त शेवटचं, बरोबर ठरलेलं उत्तर होतं. आधी काय करून पाहिलं आणि ते का सोडलं, याचा मागमूस नव्हता.

या सगळ्याला व्यवस्थापनशास्त्रात नाव आहे: संरचनात्मक भांडवल, स्ट्रक्चरल कॅपिटल. स्वीडनमधल्या स्कांडिया या विमा कंपनीनं १९९१ साली लेफ एडविन्सन यांना ‘बौद्धिक भांडवलाचे संचालक’ असं पद दिलं. असं पद तोवर ऐकिवात नव्हतं. १९९४ च्या वार्षिक अहवालासोबत कंपनीनं बौद्धिक भांडवलाची वेगळी पुरवणीच छापली. एडविन्सन यांची मांडणी मुळात साधी. कंपनीच्या बौद्धिक भांडवलातला एक भाग माणसांच्या डोक्यात असतो; तो संध्याकाळी घरी जातो आणि सकाळी परत येईल याची हमी नसते. माणसं घरी गेल्यावर जे कंपनीत उरतं, म्हणजे पद्धती, नोंदी, डेटाबेस, पेटंटं, गिऱ्हाइकांशी बांधलेले धागे, ते संरचनात्मक भांडवल. गिऱ्हाइकांचे संबंध पुढे बऱ्याच जणांनी तिसरा वेगळा प्रकार म्हणून काढले, पण स्कांडियाच्या मूळ मांडणीत ते संरचनेतच होते. माणसांचं भांडवल कंपनीला फक्त भाड्यानं मिळतं, संरचना तिच्या मालकीची. म्हणून व्यवस्थापनाचं काम काय, तर डोक्यातलं जमेल तितकं संरचनेत उतरवणं.

स्कांडियाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण पाठ्यपुस्तकं ते सहसा सांगत नाहीत. २००३ च्या सुमारास वरिष्ठांचे बोनस आणि कंपनीच्या पैशानं सजवलेली स्टॉकहोममधली घरं यांवरून तिथे मोठा गदारोळ झाला आणि २००६ मध्ये ओल्ड म्युच्युअल या वित्त कंपनीनं ती घेतली. एडविन्सन त्याआधीच बाहेर पडले होते. त्यांच्या मांडणीत यानं काही खोट येत नाही. पण अहवालात अदृश्य भांडवलाचे सुबक आलेख छापणारी कंपनी दृश्य पैशाच्या बाबतीत इतकी ढिसाळ निघावी, हे माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या लक्षात राहतंच.

त्याहून माझा राग आहे तो एका सूत्रावर. आन्ते पुलिच या क्रोएशियन अभ्यासकांनी बौद्धिक भांडवल मोजायची एक रीत काढली आणि आपल्याकडच्या एमबीए-पीएचडीच्या प्रबंधांत तिचा सुळसुळाट आहे, कारण सगळे आकडे छापील वार्षिक अहवालातून मिळतात, जागचं उठावं लागत नाही. तिच्यात कंपनीनं निर्माण केलेल्या मूल्यातून पगाराचा खर्च वजा केला की उरतं ते संरचनात्मक भांडवल. करून बघा. मूल्य १०० लाख, पगार ६० लाख, संरचना ४०. पुढच्या वर्षी मूल्य तेवढंच, पण तुम्ही पगार दहा लाखांनी कापले, संरचना ५०! एकही कार्ड न लिहिता, उलट कार्डं लिहिणारी चार माणसं घरी पाठवून, तुमचं संरचनात्मक भांडवल पाव पटीनं वाढलं. या सूत्राचा आधार घेऊन कोणी माझ्याकडे टिपण मागितलं, तर मी फी परत करते.

भोसरीच्या व्यवहाराचं सांगून टाकते. खरेदीदारानं मामांना सल्लागार म्हणून वर्षभर ठेवलं. डायरी मागितली नाही. दुसऱ्यांदा आलेले जॉब कार्डावर आहेत का एवढं तपासायला सांगितलं, ते होते. खरी झटापट झाली ती भलत्याच मुद्द्यावर. विकत घेताना जादा मोजलेली रक्कम खरेदीदाराच्या पुस्तकात गुडविल म्हणून येते. म्हणजे काकांच्या ताळेबंदात ज्याला ओळ नव्हती त्याला चाकणच्या ताळेबंदात ओळ मिळाली. पण २०२१ च्या अर्थ कायद्यानं प्राप्तिकरात गुडविलवरचा घसारा बंद केला. नो-हाउवर, म्हणजे तांत्रिक ज्ञानावर, मात्र तो अजून मिळतो, २५ टक्के. त्यामुळे जे कपाट मी टिपणात मांडेपर्यंत कोणी उघडून पाहिलं नव्हतं, त्यात गुडविल किती आणि तांत्रिक नो-हाउ किती यावर दोन सीए आणि एक व्हॅल्युअर तावातावानं बोलू लागले. शेवटी कार्डांची, ड्रॉइंगची आणि फिक्स्चरची क्रमांकवार यादी करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडली. काकांना या प्रकाराची करमणूक वाटली. त्यांच्या वडिलांना पुठ्ठा परवडत नव्हता म्हणून पहिली कार्डं बिस्किटांच्या खोक्यांतून कापलेली होती.

त्या टिपणाच्या दिवसांत मी एक असं पुस्तक वाचत होते ज्याचा गिअरशी काडीचा संबंध नाही. पोथ्यांवर काम करणारी माझी एक मैत्रीण म्हणाली, तुला पद्धतींचं एवढं वेड आहे तर भांडारकरच्या आदिपर्वाची सुकथनकरांची प्रस्तावना वाच. माझं संस्कृत शाळेपुरतं. पण ती प्रस्तावना, ‘प्रोलेगोमेना’, इंग्रजीत आहे. मी ती प्रोसेस शीट वाचावी तशी वाचली आणि चकित झाले.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचं, काम १ एप्रिल १९१९ रोजी सुरू केलं आणि ते संपलं १९६६ मध्ये. कल्पना आपल्या आधी युरोपात निघाली होती. व्हिंटरनिट्स यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत ती मांडली, १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी एक नमुनाही छापला, पण पुढे महायुद्ध आलं आणि गाडं तिथेच थांबलं. पुण्यात औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाखाची देणगी कबूल केली आणि काम उभं राहिलं. सुरुवातीला नारायण बापूजी उत्गीकरांनी विराटपर्वाचा एक कच्चा नमुना १९२३ मध्ये काढला. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि मग बर्लिनमध्ये त्याच ल्यूडर्सकडे भाषाशास्त्र शिकलेला माणूस. त्यांनी कामाची घडी नव्यानं बसवली.

ती घडी म्हणजे एक कागद. आडव्याउभ्या रेघा आखलेला फुलस्केप ताव. सगळ्यात वर प्रचलित पाठातला एक श्लोक ठळक अक्षरांत लिहायचा. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. त्या पोथीत जिथे वेगळं अक्षर आहे तिथे, वरच्या अक्षराच्या नेमकं खाली, ते अक्षर भरायचं. एक एक अक्षर, एक एक घर. उजवीकडे चार इंचांचा रकाना शेऱ्यांसाठी: कुठे खाडाखोड आहे, समासात काय लिहिलंय, एखादा जादा श्लोक आगेमागे आलाय का. फार लांबलचक जादा मजकूर असेल तर तो वेगळ्या शोधपत्रावर लिहून जोडायचा. आणि एकानं भरलेला ताव पोथी परत जाण्याआधी दुसऱ्यानं पोथीशी ताडून बघायचा. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम या लिप्यांतल्या पोथ्या. त्यांतल्या काही पुण्याबाहेर हलणं शक्य नव्हतं, म्हणून तंजावर आणि शांतिनिकेतनलाही ताळा घेण्याची केंद्रं उघडली. नियम असा, की कुठल्याही भागासाठी किमान दहा पोथ्या. पुष्कळ ठिकाणी वीस, तीस, चाळीस, आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी तर साठ. सगळ्या कामात मिळून १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या.

टूल रूममधला कोणीही माणूस हे वाचून मान डोलावेल. क्रमांक दिलेले नमुने, ठरलेला तक्ता, शेऱ्याचा रकाना, दुसऱ्या माणसाची तपासणी.

मला भावलं ते पुढचं. ताव भरून झाल्यावर संपादक पाठ निश्चित करणार, म्हणजे निवड करणार, म्हणजे बाकीचं बाजूला ठेवणार. बाजूला ठेवलेलं काहीच फेकायचं नाही हा दंडक. वर निश्चित केलेला श्लोक. खाली तळटिपांत त्याचे सगळे पाठभेद, प्रत्येकापुढे कुठल्या पोथीत ते मिळालं याची खूण. श अक्षर म्हणजे शारदा, क म्हणजे शारदा पोथीवरून देवनागरीत उतरलेल्या, ग म्हणजे ग्रंथ, म म्हणजे मल्याळम. मूळ संहितेत न बसणारे श्लोक तारांकित करून तिथेच खाली. लांब प्रकरणं परिशिष्टात. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपल्या घराघरांतली गोष्ट चिकित्सक आवृत्तीत परिशिष्टात आहे. अनेकांना तेव्हा ते रुचलं नाही आणि आजही रुचत नाही. पण ती तिथे आहे, अक्षरशः, कुठल्या पोथ्यांत आहे त्या खुणांसह.

आणि जिथे संपादकाची स्वतःची खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. छापील, सन्मानानं काढलेल्या जाडजूड ग्रंथात ओळीओळीला ‘इथे मला शंका आहे’ अशी खूण! मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही क्वालिटी मॅन्युअलमध्ये शंकेसाठी चिन्ह नाही. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, असतो, पण ‘हे माप इंजिनिअरला स्वतःला पटलेलं नाही’ हे सांगायची सोय नसते. मग ते सेटरला कळतं, भंगारातून.

या रचनेची परीक्षा १९४३ मध्ये झाली. जानेवारीच्या २१ तारखेला सुकथनकर अचानक गेले. त्यांनी स्वतः आदिपर्व (१९३३) आणि आरण्यकपर्व (१९४२) संपादित केलं होतं. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी १९३६ मध्ये, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी १९४० मध्ये पुरं केलं होतं. सभापर्व येल विद्यापीठातल्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होतं, ते सुकथनकरांच्या मागे, १९४४ मध्ये आलं. लाहोर, ढाका, येल, पुणे. खंड उघडून शेजारी ठेवा, त्याच खुणा, तीच मांडणी, तीच नागमोडी रेघ. पुढे प्रमुख संपादकपद श्रीपाद कृष्ण बेलवलकरांकडे आलं आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्यांकडे. बेलवलकरांनी भीष्म आणि शांतिपर्व केलं, वैद्यांनी कर्णपर्व, रामचंद्र नारायण दांडेकरांनी शल्य आणि अनुशासन. मधल्या काळात महायुद्ध संपलं, फाळणीत लाहोर आणि ढाका दोन्ही परदेशात गेली, पैशाची ओढाताण तर कायमचीच. सुकथनकरांच्या मागे तेवीस वर्षं काम त्याच आखणीवर चाललं. हरिवंशही त्यानंतर वैद्यांनी पुरा केला.

त्याच वेळी जे गेलं ते गेलंच. महाभारताच्या अर्थावर सुकथनकर मुंबई विद्यापीठात चार व्याख्यानं देत होते. तीन झाली, चौथं द्यायच्या आधी ते गेले. पोथ्यांचा ताळा त्यांच्या गैरहजेरीत घेता आला. पण इतकी वर्षं एका ग्रंथाची अक्षरं मोजल्यावर त्यांना त्या ग्रंथाबद्दल काय वाटत होतं, हा धागा दुसरा कोण पुढे नेणार? मामाही मशीनच्या आवाजावरून हॉब बोथट झाल्याचं सांगतात. ते कार्डावर येत नाही. ‘आवाज बदलला की हॉब काढा’ असं कोणीतरी एका कार्डावर लिहिलंय खरं, पण ते वाचून नवशिक्याला आवाज ऐकू येत नाही. ज्ञान-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर विकायला येणारी मुलं मला सांगतात, की आम्ही शंभर टक्के उतरवून घेऊ. मी त्यांना चहा पाजते.

एडविन्सन यांच्या व्याख्येशी माझं थोडं बिनसतं ते इथे. माणसं घरी गेल्यावर जे उरतं ते सगळंच भांडवल नव्हे; रद्दीही उरते. काचेच्या कपाटातल्या रंगीत फायली उरल्याच की. माझ्या मते भांडवल ते, ज्याच्या आधारानं नंतर आलेला माणूस आधीच्या माणसाला खोडून काढू शकतो. कार्डाच्या पुढच्या बाजूवर हुकूम असतो. तो पाळता येतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. मागच्या बाजूवरची ‘बोअर पसरतो’, ‘फक्त पातळ वेबला’, ‘नवीन हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नाही’ ही तीन हस्ताक्षरांतली साखळी बघा. तिसऱ्या माणसाला पहिल्याचं म्हणणं सुधारता आलं, कारण पहिल्याचं कारण तिथे लिहिलेलं होतं. नुसतं ‘माल जास्त ठेवा’ असं असतं, तर हीट ट्रीटमेंटवाला बदलल्यावरही तो जास्तीचा माल वर्षानुवर्षं ग्राइंडरवर उडत राहिला असता आणि मी त्याला कॉस्ट शीटमध्ये ‘प्रोसेस लॉस’ म्हणून बिनदिक्कत जागा दिली असती.

चिकित्सक आवृत्तीवर टीका कमी झाली नाही. पॅरिसच्या सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुरुवातीलाच सुचवलं होतं, की निश्चित पाठाच्या फंदात न पडता टीकाकार नीलकंठाचा प्रचलित पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या. पुढे मादलेन बियार्दो यांनी तर या प्रकारे घडवलेली संहिता कुठल्याही काळी कोणी म्हटली-ऐकलेलीच नाही अशा अंगानं सगळ्या उपक्रमालाच हरकत घेतली. हा वाद संस्कृतवाल्यांचा. निवाडा करायची माझी पात्रता नाही. पण कोणाला नीलकंठाचा पाठ हवा असेल, नुसता मल्याळम पोथ्यांचा हवा असेल, काश्मीरचा हवा असेल, तर तळटिपांतल्या खुणा धरून तो बराचसा पुन्हा उभा करता येतो. सुकथनकरांशी न पटणाऱ्या माणसालाही सामग्री सुकथनकरांच्याच तळटिपांतून मिळते.

ही पद्धत पुण्यात राहिली नाही, हेही नोंदवते. वडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटनं रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली ती याच वळणावर, आणि त्यातली अयोध्याकांड आणि युद्धकांड ही दोन कांडं आपल्या वैद्यांचीच. संरचना कंपनीच्या मालकीची असते हे स्कांडियाचं म्हणणं विमा कंपनीपुरतं ठीक असेल. काकांचीही कार्डाची पद्धत भोसरीत आणखी दोन ठिकाणी दिसते. तिथले मालक पूर्वी काकांकडे हेल्पर होते. करारनाम्याच्या परिशिष्टात ते कुठे बसवायचं हे मला व्हॅल्युअरनं विचारलं नाही, मीही आपण होऊन सांगितलं नाही.

प्रोलेगोमेना कोणाला वाचायचं असेल, तर ते आदिपर्वाच्या खंडाच्या सुरुवातीला छापलेलं आहे. कामाच्या पद्धतीचा भाग थोडक्या पानांचा आहे, संस्कृत न येणाऱ्यालाही समजतो, आणि शॉप चालवणाऱ्या मित्रांनी तेवढाच वाचला तरी चालेल. पोथ्यांच्या वंशावळीचा भाग मात्र पहिल्या वाचनात सोडून द्या. मी सोडला होता, मग परत आले. शारदा आणि क गटाच्या पोथ्यांचं नातं त्यांनी ज्या चिकाटीनं जुळवलंय ते वाचताना मला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदींशी आपली वही जुळवणं, आठवत राहिलं, आणि मैत्रिणीला मी ते सांगितलं तेव्हा ती फार खूश झाली नाही.